मान्सून म्हणजे मोठे खारे वारे नव्हेत: सुलोचना गाडगीळ यांच्या संशोधनाविषयी

गणितात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "मान्सूनचा विषय निघाला की सुलोचना गाडगीळ यांचं नाव हमखास कानावर येतं. पण पावसाचा अंदाज तर हवामान खातं देतं. मग विद्यापीठातली हवामानशास्त्रज्ञ नेमकं काय करते? त्यांची कारकीर्द कशी घडली, संशोधन कशावर होतं, आणि गणिताच्या वाटेने आजही तिकडे जाता येतं का?"

प्रश्नाचे तीन भाग आहेत, पण सगळा जीव मधल्या भागात आहे, तेव्हा जास्त वेळ मी तिथेच थांबणार. माझी नोकरीची वर्षं मान्सूनच्या संगणकीय मॉडेल्सवर काम करण्यात गेली आणि आता मी तोच विषय शिकवतो. आमच्या पिढीने मान्सूनबद्दल जे शिकलं, त्यातला बराच भाग सुलोचनाबाईंच्या निबंधांतून आलेला आहे.

आधी कारकीर्द, थोडक्यात. जन्म 1944 चा, पुण्याचा. माहेरचं आडनाव फाटक. फर्ग्युसन कॉलेज, मग पुणे विद्यापीठातून 1965 मध्ये उपयोजित गणितात एम.एस्सी. त्याच वर्षी माधव गाडगीळांशी लग्न झालं आणि दोघंही हार्वर्डला गेले. ते जीवशास्त्राकडे, या गणिताकडे. 1970 मध्ये पीएच.डी. झाली ती अॅलन रॉबिन्सन यांच्या हाताखाली, आणि विषय होता अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम. समुद्रातला हा जोरकस प्रवाह सरळ न जाता नागमोडी वळणं का घेतो, याचं गणित. म्हणजे मान्सूनशी काही संबंध नाही. पुढे एमआयटीमध्ये जूल चार्नी यांच्याबरोबर काम करताना गाडी वातावरणाकडे वळली. हे चार्नी म्हणजे 1950 मध्ये ज्या चमूने संगणकावर पहिला हवामान अंदाज करून दाखवला त्याचे म्होरके, आणि उष्ण कटिबंधातल्या ढगांच्या पट्ट्यावर त्यांनी मूलभूत काम केलेलं होतं.

1971 मध्ये गाडगीळ दांपत्य भारतात परतलं. परदेशातून येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी सीएसआयआरची 'पूल ऑफिसर' नावाची तात्पुरती सोय असायची, त्यावर सुलोचनाबाई पुण्याच्या आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत, सुमारे दोन वर्षं होत्या. 1973 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नव्यानेच सुरू झालेल्या सैद्धांतिक अभ्यास केंद्रात रुजू झाल्या आणि पुढची सगळी कारकीर्द तिथेच झाली. 1982 मध्ये त्या संस्थेत वातावरणविज्ञानाचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं, नंतर त्याच्या नावात महासागरही आला. हे केंद्र उभं करणाऱ्यांत त्या होत्या. जुलै 2025 मध्ये त्यांचं निधन झालं.

यातली पुण्यातली दोन वर्षं चरित्रात एका ओळीत संपतात, पण मला ती निर्णायक वाटतात. हार्वर्ड आणि एमआयटीतून आलेल्या माणसाकडे समीकरणं भरपूर असतात. आयआयटीएममध्ये त्यांना भेटली ती मान्सूनच्या नकाशांवर आयुष्य घालवलेली माणसं. कमी दाबाची आस, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, उत्तरेला सरकली की मध्य भारतात उघडीप पडते, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की विदर्भात झड लागते, हे त्यांना नकाशाकडे पाहून कळायचं. डी. आर. सिक्का हे त्यांतले एक. सिक्का आणि गाडगीळ यांचा 1980 चा निबंध या ओळखीतून आला. मान्सूनवर भारतात झालेल्या कामात मी तो पहिल्या रांगेत ठेवतो.

तो समजण्यासाठी आधी शाळेतला धडा आठवा. दिवसा जमीन तापते, समुद्र त्या मानाने थंड राहतो, म्हणून समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे वाहतात. रात्री उलट, मतलई वारे. मान्सून म्हणजे हेच, फक्त उपखंडाएवढं मोठं आणि दिवसाऐवजी ऋतूचं. ही कल्पना एडमंड हॅलीने 1686 मध्ये मांडली आणि आपण सगळे तीच शिकलो. पटायला सोपी आहे, आणि तिथेच घोटाळा आहे.

जमीन तापल्यामुळे पाऊस येत असेल, तर जमीन जितकी जास्त तापेल तितका पाऊस जास्त पडायला हवा. प्रत्यक्षात काय होतं? चंद्रपूर-नागपूरला पारा 45 च्या वर जातो तो मे महिन्यात, आणि पाऊस भरात असतो जुलैमध्ये, जेव्हा जमीन पुष्कळ निवलेली असते. ज्या वर्षी दुष्काळ पडतो त्या वर्षी जमीन चांगल्या पावसाच्या वर्षापेक्षा जास्त तापलेली असते, कारण ढग नसतात आणि माती कोरडी असते. शिवाय देशातला सगळ्यात तापलेला भाग वायव्येकडचा, आणि पाऊस सगळ्यात कमी तिथेच. हे आक्षेप जॉर्ज सिम्पसन या भारतीय हवामान खात्यात काम केलेल्या शास्त्रज्ञाने 1921 मध्येच नोंदवले होते. पण पाठ्यपुस्तकं ढिम्म हलली नाहीत. सुलोचनाबाईंनी हा मुद्दा उचलून धरला, त्याला उपग्रहांच्या काळातला पुरावा जोडला आणि 2018 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांची कसोटी अशी: मान्सूनच्या सिद्धान्ताने सरासरी पाऊस समजावून सांगितला म्हणजे पुरे झालं नाही. या वर्षी जास्त का, त्या वर्षी कमी का, जुलैच्या पहिल्या आठवड्यात धो धो आणि तिसऱ्या आठवड्यात कडकडीत ऊन असं का, हे त्याने सांगितलं पाहिजे. खाऱ्या वाऱ्यांचा सिद्धान्त या कसोटीवर टिकत नाही.

चढउतारांकडून सिद्धान्ताकडे जायचं, सरासरीकडून नाही. 1980 च्या त्या निबंधापासून चाळीसेक वर्षं त्यांनी हाच हट्ट धरला, मग विषय ढग असो, समुद्र असो की भुईमूग.

मग मान्सून म्हणजे काय? दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे विषुववृत्ताच्या आसपास एकमेकांना भिडतात, तिथली दमट हवा वर उचलली जाते आणि पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा तयार होतो. याला अभिसरण पट्टा म्हणतात. पॅसिफिक आणि अटलांटिकवर तो बहुतांशी समुद्रावरच राहतो. आपल्या रेखांशांवर मात्र उन्हाळ्यानंतर तो उत्तरेला सरकत सरकत थेट गंगेच्या मैदानापर्यंत येतो. हा जमिनीवर आलेला अभिसरण पट्टा म्हणजेच नैर्ऋत्य मान्सून. यात जमीन तापण्याला काही जागाच नाही असं नव्हे. तापलेल्या जमिनीवरचा कमी दाब पट्ट्याला इकडे येण्यासाठी अनुकूल परिस्थिती करतो. पण पाऊस पाडणारी यंत्रणा पट्ट्याची आहे, खाऱ्या वाऱ्याची नाही.

कल्पना म्हणून ही गोष्ट आधीही काहींनी मांडली होती. सिक्का आणि गाडगीळ यांनी ती दाखवून दिली, आणि कशी दाखवली ते मुद्दाम बारकाईने सांगतो. त्यांच्याकडे होती उपग्रहाने घेतलेली ढगांची रोजची चित्रं, 1973 ते 1977 या वर्षांतली, एप्रिल ते ऑक्टोबरची. एक रेखावृत्त धरायचं, समजा 90 अंश पूर्व. रोजच्या चित्रात त्या रेषेवर दाट ढग कोणत्या अक्षांशापासून कोणत्या अक्षांशापर्यंत आहेत ते पाहायचं. कागदावर आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर अक्षांश. दर दिवसाला ढगांच्या जागी एक उभी रेघ. एवढंच. यात एकही अवकल समीकरण नाही.

मी वर्गात हा आलेख विद्यार्थ्यांकडून आजच्या डेटावर करून घेतो, आणि दरवेळी वर्ग शांत होतो. कारण कागदावर आपोआप दोन वस्त्या उमटतात. एक 20 अंश उत्तरेच्या आसपास, म्हणजे मान्सूनच्या आसेवर. दुसरी विषुववृत्ताजवळ, हिंदी महासागरावर. त्यांच्या मधल्या जागेत तिरप्या पट्ट्या दिसतात, खालून वर चढणाऱ्या. समुद्रावरचा ढगांचा पट्टा सुटतो आणि दिवसाला साधारण एक अंश या चालीने उत्तरेला सरकत जमिनीवर येतो. जूनमधली अशी पहिली मोठी तिरपी पट्टी म्हणजे मान्सूनचं आगमन. पण गोष्ट आगमनापाशी संपत नाही. जुलै-ऑगस्टमध्येही दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने अशा पट्ट्या येत राहतात. आणि निबंधातला सगळ्यात मोलाचा निष्कर्ष हा की जमिनीवरचा पट्टा स्वतःच्या जिवावर महिन्यापेक्षा जास्त तग धरू शकत नाही. तो विरत जातो, आणि समुद्रावरून नवा पट्टा आला नाही तर आपल्याकडे उघडीप लांबत जाते. याच सुमारास जपानमध्ये तेत्सुझो यासुनारी यांनाही ढगांची ही तीस-चाळीस दिवसांची उत्तरेकडची वाटचाल स्वतंत्रपणे दिसली होती.

ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली की आपल्या गावात आपण आकाशाकडे बघतो. या निबंधाने सांगितलं की त्या वेळी विषुववृत्ताजवळच्या समुद्राकडे बघा. आज हवामान खातं दोन ते चार आठवडे पुढचा जो विस्तारित अंदाज देतं, त्याला ज्या काही गोष्टींचा आधार आहे त्यांत या उत्तरमुखी पट्ट्यांचं ज्ञान आघाडीवर आहे.

पुढे सुलोचनाबाईंनी खंडाची, म्हणजे भर पावसाळ्यातल्या उघडिपीची, व्याख्याही पक्की करायला लावली. पूर्वी दाबाच्या नकाशावरून ठरवत, आणि वेगवेगळे अभ्यासक वेगवेगळे दिवस 'खंड' म्हणून मोजत. त्यांनी पी. व्ही. जोसेफ यांच्याबरोबर आणि नंतर एम. राजीवन, ज्योती भाटे यांच्याबरोबर आग्रह धरला की खंड पावसावरूनच मोजायचा. 2010 च्या निबंधातला निकष साधा आहे: मध्य भारताच्या मुख्य मान्सून पट्ट्यातला रोजचा पाऊस घ्यायचा, त्याची सरासरीपासूनची तफावत प्रमाण विचलनात मोजायची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सलग तीन किंवा अधिक दिवस ती उणे एकच्या खाली राहिली तर खंड. आजही हाच निकष सर्रास वापरतात. गणिताच्या विद्यार्थ्याला हे फार साधं वाटेल. पण व्याख्या पक्की नसेल तर त्यावर उभारलेली सगळी आकडेमोड वाऱ्यावर जाते.

समुद्राचा धागा इथूनच सुरू होतो. ढग समुद्रावरून येतात तर समुद्राने किती गरम असावं? 1984 मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये आलेल्या छोट्याशा निबंधात त्यांनी दाखवलं की समुद्रपृष्ठाचं तापमान आणि ढग यांचं नातं सरळ रेषेचं नाही. साधारण 28 अंश सेल्सिअसच्या खाली मोठे संघटित ढग क्वचितच दिसतात. उंबरठा ओलांडला की शक्यता एकदम वाढते. पण उंबरठ्याच्या वर तापमान आणखी वाढलं म्हणून ढग त्याच प्रमाणात वाढतील याची खात्री नाही. गरम समुद्र आवश्यक आहे, पुरेसा नाही. आवश्यक आणि पुरेशी अट यांतला फरक तुम्ही गणितात रोज वापरता. तो इथे एका सहसंबंध गुणांकाच्या मागे लपून राहिला असता.

बंगालचा उपसागर पावसाळाभर या उंबरठ्याच्या वर राहतो, अरबी समुद्र मात्र मान्सून सुरू झाला की निवतो. का? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी 2002 मध्ये दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडून दाखवलं की उपसागराच्या पृष्ठावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी थर करून बसतं. हलकं असल्याने ते खालच्या थंड पाण्यात सहज मिसळत नाही आणि वरचा थर गरमच राहतो. त्याआधी 1999 च्या पावसाळ्यात 'सागर कन्या' आणि 'सागरध्वनी' ही जहाजं उपसागरात उभी करून 'बॉबमेक्स' हा प्रयोग झाला होता. नकाशातल्या ठिपक्यावर प्रत्यक्ष जाऊन, भर पावसात, हवा आणि पाणी मोजायचं. असे प्रयोग ज्या राष्ट्रीय हवामान संशोधन कार्यक्रमातून झाले त्याची वैज्ञानिक आखणी करण्यात सुलोचनाबाईंचा मोठा वाटा होता. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञाचं हे कामही तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात धरायला हवं: जहाजं, खाती, संस्था एका प्रश्नाभोवती गोळा करणं. त्यात वर्षं जातात आणि त्याचे निबंध बहुधा दुसऱ्यांच्या नावावर छापले जातात.

आता 1997 आणि 2002. एल निनो आला, म्हणजे विषुववृत्ताजवळच्या पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की आपल्याकडे पाऊस कमी, हे तोवर सगळ्यांना पाठ झालेलं होतं. 1997 चा एल निनो विसाव्या शतकातल्या सगळ्यात जबरदस्त एल निनोंपैकी. दुष्काळ ठरलेलाच असं जगभर धरून चालले होते. पाऊस झाला सरासरीच्या 102 टक्के. त्यानंतर 2002 चा एल निनो बेताचा, हवामान खात्याचा अंदाज सर्वसाधारण पावसाचा. आणि जुलै महिन्यात देशात निम्माच पाऊस पडला. हंगाम 19 टक्के तुटीने संपला. त्या जुलैमध्ये अंदाजाच्या कामात असलेल्या कोणालाही विचारा, रोज सकाळी उपग्रहाचं चित्र उघडायचीही भीती वाटायची.

सुलोचनाबाई, पी. एन. विनयचंद्रन आणि पी. ए. फ्रान्सिस यांनी 2003 आणि 2004 मधल्या निबंधांत याचं एक उत्तर दिलं. विषुववृत्तीय हिंदी महासागरावर ढगांचा एक सी-सॉ चालतो. कधी पश्चिमेकडे, आफ्रिकेच्या बाजूला, ढग जास्त आणि पूर्वेकडे, सुमात्राच्या बाजूला, कमी, कधी उलट. पश्चिमेकडे ढग वाढले की मान्सूनला बळ मिळतं, पूर्वेकडे वाढले की मान्सून अशक्त होतो. याला त्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरी दोलन म्हटलं, लघुनाव 'इक्विनू'. मोजायचं कसं? विषुववृत्तावरच्या पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या तफावतीवरून. एल निनोचा निर्देशांक एका अक्षावर आणि इक्विनूचा दुसऱ्या अक्षावर घेऊन वर्षं ठिपक्यांनी मांडली, की अतिवृष्टीची आणि दुष्काळाची वर्षं एका तिरप्या रेषेच्या दोन बाजूंना जवळपास स्वच्छ वेगळी पडतात. 1997 मध्ये एल निनो विरोधात होता, पण इक्विनू जोरात अनुकूल. 1994 मध्येही इक्विनूने हात दिला आणि पाऊस भरपूर झाला. 2002 मध्ये दोघंही उलटे.

हिंदी महासागरातला 'डायपोल' हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. तो समुद्राच्या तापमानाचा, इक्विनू वातावरणाचा. दोन्ही नातलग आहेत, पण दरवर्षी हातात हात घालून येत नाहीत, आणि मान्सूनशी थेट नातं इक्विनूचं जास्त घट्ट आहे, हा त्यांचा दावा. मला तो पटतो. सगळ्यांना पटतो असं नाही. मोठी अडचण व्यवहारातली आहे: एल निनोचा अंदाज काही महिने आधी बऱ्यापैकी करता येतो, इक्विनूचा येत नाही. हंगामी अंदाजाच्या मॉडेल्समध्ये एल निनोचं मान्सूनशी नातं उमटतं, इक्विनूचं नीट उमटत नाही, हे त्यांनी रवी नंजुंडय्या आणि इतरांबरोबर दाखवून दिलं. म्हणजे 1997 पुन्हा आलं तर मॉडेल पुन्हा फसण्याचा धोका आहे. मॉडेल सुधारणाऱ्यांना त्यांनी नेमकी जागा बोट ठेवून दाखवली, आणि ती जखम अजून पूर्ण भरलेली नाही.

"हवामान खातं असताना विद्यापीठ कशाला" याचं उत्तर इथे आहे. खात्याला ठरलेल्या दिवशी अंदाज द्यावाच लागतो. हाताशी जे साधन असेल ते वापरून, आणि चुकला तर शिव्या खाऊन. 1988 पासून खातं सोळा घटकांवर आधारलेलं सांख्यिकी सूत्र वापरत होतं. ते वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेलं. बरीच वर्षं ते चाललं, 2002 ने त्याचा कस काढला आणि 2003 मध्ये ते बदललं. 2004 मध्ये पुन्हा अंदाज चुकला. तेव्हा सुलोचनाबाई, राजीवन आणि नंजुंडय्या यांनी 1932 पासूनच्या अधिकृत अंदाजांचा हिशेब मांडला आणि लिहिलं की सूत्रं वेळोवेळी बदलली तरी सात दशकांत अंदाजाचं कौशल्य वाढलेलं नाही. या निबंधाचे एक लेखक राजीवन तेव्हा खुद्द हवामान खात्यातले होते. कोणाला खाली दाखवण्याचा हेतू नव्हता. सांख्यिकी सूत्रांची ताकद किती, हे प्रामाणिकपणे मोजायचं होतं. असं मोजमाप करायला लागणारा निवांतपणा आणि मोकळीक विद्यापीठात मिळते. ती मिळत नसेल तर त्या विद्यापीठाचा हवामानाला काही उपयोग नाही.

आता भुईमूग. माझ्या मते त्यांचं हे काम सगळ्यात दुर्लक्षित राहिलं आहे.

आंध्रातला अनंतपूर जिल्हा आणि त्याला लागून असलेला कर्नाटकातला पावगडा हा सगळा पर्जन्यछायेचा टापू. जिरायती भुईमूग हे मुख्य पीक, टीएमव्ही-2 हा जुना वाण. सुलोचनाबाईंनी पी. आर. शेषगिरी राव यांच्याबरोबर तिथे काम केलं. "मान्सून किती टक्के" हे तिथल्या शेतकऱ्याच्या कामाचंच नाही. त्याचा प्रश्न असतो: पेरणीपुरती ओल झाली आहे, आज पेरू की थांबू? सल्ला देणारे म्हणतात, पहिल्या चांगल्या पावसावर पेरा. पण त्या भागात पाऊस भरात येतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जूनअखेरीस पेरलेला भुईमूग फुलोऱ्यात येऊन आऱ्या (ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते देठ) जमिनीत उतरवतो आणि शेंगा भरायला लागतो, नेमक्या तेव्हा कोरड गाठते. पीक वरून हिरवं दिसतं आणि उपटल्यावर पोचट शेंगा निघतात. त्यात पावसाच्या ताणात पानं पोखरणारी अळीही बळावते.

त्यांनी कित्येक दशकांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी घेतल्या, पिकाच्या वाढीचं मॉडेल घेतलं, आणि त्या प्रत्येक वर्षी वेगवेगळ्या तारखांना संगणकावर पेरणी करून पाहिली. दिसलं असं की जुलैच्या मध्यानंतर पेरलं तर पीक बुडण्याची जोखीम कमी होते, कारण शेंगा भरण्याचा काळ सप्टेंबरच्या पावसाशी जुळतो. यात अंदाज कुठेच नाही, हे लक्षात घ्या. यंदा पाऊस कसा पडेल हे माहीत नसतानाही, इतक्या वर्षांचे चढउतार नीट वाचले तर निर्णय सुधारतो. हंगामी अंदाज चुकतात म्हणून हात बांधून बसायची गरज नाही, हे त्यांनी शेतात दाखवलं. आणि प्रश्न कोणता घ्यायचा, तो शेतकऱ्यांशी बोलून ठरवला. बंगळूरमध्ये बसून नाही. आपल्याकडे मराठवाड्यात दुबार पेरणीचं संकट दर दोन-चार वर्षांनी येतं. सोयाबीन आणि कापसासाठी तालुक्यागणिक असा अभ्यास झाला, आणि तो पीक घेणाऱ्यांना बरोबर घेऊन झाला, तर किती पैसा आणि किती जीव वाचतील. मी हे तळमळीने लिहितो आहे, कारण डेटा उपलब्ध आहे, मॉडेल्स उपलब्ध आहेत, कमी आहेत ती हे काम करणारी माणसं.

तिथून त्या अर्थकारणापर्यंत गेल्या. 2006 मध्ये मुलगा सिद्धार्थ (तोही गणितज्ञ) याच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात 1951 ते 2003 या काळातला पाऊस, धान्य उत्पादन आणि देशाचं सकल उत्पन्न यांचं नातं तपासलं. स्वातंत्र्यानंतर शेतीचा वाटा निम्म्यावरून पाचव्या हिश्श्यापर्यंत घसरला, तेव्हा दुष्काळाचा फटकाही त्याच प्रमाणात कमी झाला असेल असं कोणालाही वाटेल. झाला नव्हता. मोठ्या दुष्काळाचा फटका सगळा काळ सकल उत्पन्नाच्या 2 ते 5 टक्क्यांच्या दरम्यानच राहिला. दुसरी गोष्ट आणखी बोचणारी: 1980 नंतर पाऊस कमी झाला की नुकसान मोठं, पण पाऊस जास्त झाला तर फायदा त्या मानाने किरकोळ. कारण त्यांनी जिरायती शेतीत शोधलं. पाऊस येईल की नाही याची शाश्वती नसताना शेतकरी खत-औषधांवर पैसा घालायला धजत नाही. म्हणून पाऊस चांगला झाला तरी त्याचं पुरतं पीक पदरात पडत नाही. चांगल्या वर्षाचा अंदाजही दुष्काळाच्या अंदाजाइतकाच मोलाचा का, ते यावरून कळतं, आणि आपल्याकडच्या चर्चेत ते जवळपास कधीच येत नाही.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. हो, गणितातून जाता येतं, आणि पाया म्हणून ते उत्तमच. द्रवगतिकी, आंशिक अवकल समीकरणं, संख्याशास्त्र ही तयारी करा. पायथनमध्ये डेटा हाताळायला शिका. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग आहे, पाषाणला आयआयटीएम आहे. बाहेर बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी दिल्ली, कोचीन आणि आंध्र विद्यापीठ. प्रवेशाच्या अटी बदलत राहतात, त्या त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर पाहा. मशीन लर्निंगची सध्या धामधूम आहे. तेही शिका, पण आधी ढगांचा आलेख हाताने काढा.

तो असा काढा. नोआ या अमेरिकी हवामान-समुद्र संस्थेचा बहिर्गामी दीर्घलहरी उत्सर्जनाचा, म्हणजे पृथ्वीकडून अवकाशात जाणाऱ्या उष्णतेचा, रोजचा डेटा मोफत मिळतो. जिथे आकडा कमी तिथे ढगांचे माथे उंच आणि थंड, असा ढोबळ नियम. 80 ते 90 अंश पूर्व एवढ्या पट्ट्याची सरासरी घ्या. 10 अंश दक्षिण ते 30 अंश उत्तर, 1 मे ते 30 सप्टेंबर. 2002 चा एक आलेख, 1994 चा एक. मग पुण्याच्या हवामान खात्याकडून पाव अंशाच्या जाळीवरचा रोजचा पाऊस उतरवून घ्या, तो 1901 पासूनचा आहे आणि त्यालाही पैसे पडत नाहीत. तुमच्या तालुक्याचा चौकोन निवडा आणि त्या दोन वर्षांचा जुलै-ऑगस्टचा पाऊस आलेखांच्या खाली त्याच तारखांना मांडा. कोणती तिरपी पट्टी तुमच्या तालुक्यापर्यंत पोचली आणि कोणती समुद्रावरच विरली, ते शोधून मला पाठवा. पुढचं बोलणं त्या आलेखांवर करू.